पीटेड सिंगल माल्ट : धूर किती ते कळतं, पण माल्ट चांगली की नाही ते कसं ठरवायचं?

रंकाळ्याचा_वारा

आम्ही पाच जण मिळून इथे कोल्हापुरातच एका घरी पीटेड स्कॉच (म्हणजे पीट या दलदलीतल्या कुजक्या झाडपाल्याच्या जळणाच्या धुरावर बार्ली वाळवून केलेली) चाखायला बसणार आहोत. चार बाटल्या ठरल्यात: टॅलिस्कर १०, कोल ईला १२, लागावुलिन १६ आणि आर्डबेग १०. साध्या सिंगल माल्टची सगळ्यांना सवय आहे, धुराची फारशी नाही. अडचण अशी की पीटेड ग्लास नाकाजवळ गेला की सगळे ‘धूर आहे’ एवढंच म्हणतात आणि पुढे गाडी हलत नाही. गुण द्यायचे म्हटले की धूर आवडणारा सगळ्यात धुरकट बाटलीला डोक्यावर घेतो, न आवडणारा चारही एकाच मापाने कापतो.

नेमकं विचारायचं ते असं. ग्लास कोणता, ओतायचं किती आणि क्रम काय? पीपीएमचे, म्हणजे धुराच्या मोजमापाचे, आकडे बघून क्रम लावला तर चालेल का? पाणी घालायचं की नाही? आणि जळक्या रबरासारखा किंवा काडी ओढल्यासारखा वास आला तर तो पीटचा समजायचा की दोष?

कुणी व्यवस्थित पद्धत सांगितली तर त्याप्रमाणे तयारी करतो.

आठवी_गल्ली

आधी गुणांचं सांगतो, कारण तुमचा घोळ तिथेच आहे. धुराची तीव्रता गुणांमध्ये धरूच नका. कागदावर तिच्यासाठी वेगळा रकाना ठेवा, ० ते ५, आणि तो आकडा बेरजेत घ्यायचा नाही. बेरीज होईल ती नाक, जीभ, फिनिश (गिळल्यावर तोंडात उरणारी चव) आणि तोल या चार गोष्टींची, प्रत्येकी २५. म्हणजे धूर ५ आणि गुण ७० असंही होऊ शकतं, धूर २ आणि गुण ८८ असंही. हा एक रकाना वेगळा केला की चर्चा आपोआप ‘धुरामागे काय आहे’ इथे येते.

ग्लास ट्यूलिप आकाराचा हवा, खाली फुगीर आणि वर निमुळता. ग्लेनकेर्न मिळाला तर उत्तम, नाहीतर वाईनचे छोटे ग्लास चालतील. सरळ उभ्या व्हिस्की ग्लासात वास पसरून जातो, तो नको. प्रत्येकात १५ मिली ओता. चार ग्लास म्हणजे ६० मिली, एक लार्ज. तेवढं पुरे, आणि मधे एक भांडं ठेवा म्हणजे ज्याला थुंकायचं त्याला थुंकता येईल. ओतल्यावर छोट्या झाकणाने किंवा बशीने झाकून १० मिनिटं ठेवा. सुरुवातीचा कच्चा अल्कोहोलचा भपका त्यात कमी होतो.

खोली महत्त्वाची. संध्याकाळच्या पूजेची उदबत्ती किंवा धूप ज्या खोलीत लावला असेल तिथे बसू नका, डासांची कॉइल नको, सिगारेट अजिबात नको, अंगावर अत्तरही नको. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे खोली सहज ३० अंशांच्या वर जाते. तेव्हा अल्कोहोल इतकं उडतं की नाकाला चटके बसतात. २० ते २२ अंश धरा, गरज पडली तर एसी लावा. बर्फ मात्र नको. थंडीने वासाची द्रव्यं उडायची थांबतात आणि जीभही बधिर होते.

जेवण नंतर. तांबड्या रश्श्याची मिरची एकदा जिभेवर बसली की ४३ टक्के अल्कोहोलसुद्धा आग वाटतं आणि गोडवा हरवतो. आधी खायचंच असेल तर मीठ नसलेला पाव किंवा साधा भात.

आता नाक. ग्लास हनुवटीपाशी धरा आणि हळूहळू वर आणा, तोंड थोडं उघडं ठेवून. नाक ग्लासात खुपसायचं नाही. पहिल्या दोन-तीन श्वासांत धूर येईल, तो लिहून मोकळे व्हा. मग ग्लास बाजूला करा, अर्धा मिनिट स्वतःच्या बाहीचा किंवा साध्या पाण्याचा वास घ्या आणि परत या. धुराला नाक लवकर सरावतं. हे एरवी अडचणीचं असलं तरी इथे कामाला येतं, कारण धूर मागे सरला की लिंबाची साल, नासपती, मध, व्हॅनिला, मिठाचा खारटपणा असं जे काही खाली आहे ते वर यायला लागतं. गुऱ्हाळावर चुलवाणातल्या चिपाडाचा धूर आणि काहिलीतल्या उकळत्या रसाची वाफ एकदमच अंगावर येते, तरी थोडा वेळ थांबलं की नाक दोन्ही वेगळं करतं. ग्लासात तेच करायचं आहे.

घोट छोटा, ३ ते ४ मिली. जिभेवर सगळीकडे फिरवा, ८-१० सेकंद धरा, मग गिळा किंवा थुंका, आणि तोंड मिटून नाकाने श्वास सोडा. धुराची खरी जात या सोडलेल्या श्वासात कळते. पहिल्या घोटावर गुण देऊ नका, तो फक्त तोंड सरावण्यासाठी.

क्रम माझ्या मते टॅलिस्कर, कोल ईला, लागावुलिन, आर्डबेग. आणि सुरुवातीला एक अजिबात धूर नसलेली माल्ट, ग्लेनलिव्हेट १२ सारखी, १० मिली शून्याची खूण म्हणून ठेवा.

पन्हाळ्याची_वाट

बाकी सगळं मान्य, क्रम नाही. टॅलिस्करमध्ये धूर मध्यम असला तरी शेवटी जी काळी मिरी येते ती जिभेवर बराच वेळ राहते, वर ती ४५.८ टक्के. तिच्यामागून ४३ टक्क्यांची कोल ईला दिली तर बिचारी पाणचट वाटते. कोल ईला आधी, मग टॅलिस्कर. आणि दोन ग्लासांमध्ये किमान ५ मिनिटं अंतर.

तांब्याची_भट्टी

पीपीएमवर सविस्तर लिहितो, कारण तो आकडा बाटलीपेक्षा जाहिरातीत जास्त वापरला जातो.

पीपीएम म्हणजे भिजवून, मोड आणून, पीटच्या धुरावर वाळवलेल्या बार्लीत फिनॉल (धुराचा वास देणारी द्रव्यं) किती आहेत त्याचं मोजमाप. तुमच्या ग्लासातल्या व्हिस्कीचं नाही. बार्ली ओली असताना धूर तिच्या सालाला चिकटतो. पुढे भरडून गरम पाण्यात मॅश करताना (गोड रस काढताना) चोथ्याबरोबर काही फिनॉल जातात, दोन डिस्टिलेशनमध्ये आणखी जातात. भट्टीतून निघणाऱ्या कच्च्या स्पिरिटमध्ये साधारण तिसरा ते निम्मा हिस्सा उरतो. नंतर पिंपात वर्षं जातील तसा धूर आणखी मवाळ होत जातो, म्हणूनच लागावुलिन ८ ही १६ पेक्षा जास्त थेट आणि धुरकट लागते.

ढोबळ आकडे असे: टॅलिस्कर २० च्या आसपास, बोमोर २५, कोल ईला आणि लागावुलिन दोन्ही ३५ च्या आसपास, लॅफ्रॉइग ४० ते ४५, आर्डबेग ५५. ब्रुकलाडीच्या ऑक्टोमोर मालिकेत ८० च्या वरच सुरुवात होते, तिची ८.३ ही आवृत्ती ३०९ पीपीएमची होती. ती प्यायल्यावर लॅफ्रॉइगच्या सातपट धूर लागतो का? नाही लागत. त्यातच या आकड्याची मर्यादा दिसते.

तुमच्याकडे याचा सगळ्यात चांगला धडा आयताच आहे. कोल ईला आणि लागावुलिन, दोन्ही स्कॉटलंडच्या आयला बेटावरच्या, दोघींचं माल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली) पोर्ट एलन मॉल्टिंग्जमधून येतं, पीपीएम जवळपास सारखा. तरी एक हलकी, लिंबाच्या अंगाने जाणारी, स्वच्छ धुराची. दुसरी जड, तेलकट, चहापत्ती आणि सुक्या फळांची. फरक भट्टीचा आणि कटचा. उंच भट्टीत, संथपणे, वाफेचा तांब्याशी जास्त संबंध आला की जड द्रव्यं थंड होऊन परत खाली पडतात आणि हलकी वर जातात. आर्डबेगच्या स्पिरिट भट्टीला तर एक प्युरिफायर जोडलेला आहे, वरच्या नळीत जमलेला जड भाग तो परत भट्टीत सोडतो. म्हणून आर्डबेगमध्ये एवढ्या डांबरी धुराखाली फळाचा गोडवा आणि लिंबू टिकून राहतं.

कट म्हणजे दुसऱ्या डिस्टिलेशनमधला कोणता भाग पिंपात भरायचा तो निर्णय. फिनॉल उशिरा येतात. सुरुवातीच्या भागात फुलं-फळं, शेवटाकडे धूर, डांबर, कातडं. कट लवकर बंद केला तर त्याच माल्टची व्हिस्की नाजूक होते. उशिरापर्यंत चालू ठेवला तर धूर भरपूर मिळतो, पण त्याच्याबरोबर घामट, शिळ्या चीजचा वास देणारा शेवटचा भागही आत शिरायचा धोका. चांगली पीटेड माल्ट म्हणजे हा धोका पत्करून नेमक्या जागी थांबलेली. गुण देताना मी सगळ्यात जास्त वजन याला देतो.

धुराचेही प्रकार लिहा, नुसतं ‘धूर’ नको. ग्वायकॉल म्हणजे लाकडाचा, भाजलेला, गोडसर धूर. क्रेसॉल म्हणजे फिनेल, डांबर, दवाखाना. साधं फिनॉल म्हणजे जुना कार्बोलिक साबण. लॅफ्रॉइगमध्ये ‘आयोडीन’ म्हणून जे सांगतात ते मुख्यतः क्रेसॉलच्या घरातलं. पीट कुठली यानेही फरक पडतो. स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या ऑर्कनी बेटांवर झाडं जवळपास नाहीतच, तिथल्या हॉबिस्टर मूर या माळाची पीट हेदरच्या झुडपांची, म्हणून हायलँड पार्कचा धूर गोडसर, फुलांच्या अंगाने. आयलाच्या पीटचा धूर डांबर-दवाखान्याकडे झुकतो. स्कॉटलंडच्या मुख्य भूमीवरच्या बऱ्याच पीटेड माल्ट अ‍ॅबर्डीनशायरमधली सेंट फर्गसची पीट वापरतात, तिचा धूर सरळ शेकोटीचा, समुद्र-दवाखाना त्यात नाही.

क्रमाबाबत पन्हाळ्याची_वाट बरोबर आहेत.

नाकासमोर

रबर आणि काडीबद्दल. जळती काडी, फटाक्याची दारू, उकडलेलं अंडं, शिजलेली कोबी, सायकलच्या ट्यूबचं रबर, हे सगळं गंधकाचं घराणं. ते बहुतेकदा पीटमधून येत नाही. दोन वाटा आहेत. एक, भट्टीत तांब्याशी पुरेसा संबंध आला नाही. दुसरी, शेरीचं (आधी शेरी ही स्पॅनिश वाईन ठेवलेलं) पिंप. रिकामी पिंपं वाहतुकीत खराब होऊ नयेत म्हणून आत गंधकाची वडी जाळायची पद्धत होती, ते लाकडात मुरलं की व्हिस्कीत उतरतं. पीटेड माल्ट शेरी पिंपात ठेवली की धूर आणि गंधक एकमेकांत लपतात आणि नवखा माणूस दोन्हीला ‘स्मोकी’ म्हणतो.

वेगळं करायला तीन गोष्टी करा.

पहिली, वेळ. गंधकाचा वास पहिल्या श्वासातच टोचतो आणि ग्लास उघडा ठेवला की २०-३० मिनिटांत बहुतेकदा कमी होतो. पीट जागची हलत नाही.

दुसरी, रिकामा ग्लास. शेवटचा थेंब संपल्यावर ग्लास धुऊ नका, बशी झाकून ठेवा आणि अर्ध्या तासाने, जमलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी वास घ्या. अल्कोहोल उडालेलं असतं, जड फिनॉल काचेला चिकटून असतात. चांगल्या आयला माल्टच्या ग्लासात राख, वाळलेलं गवत, थोडा गोड ओकचा वास राहतो. धुराचं काहीच राहिलं नाही तर धूर वरवरचा असण्याची शक्यता आहे. या परीक्षेला बाटलीची किंमत आणि वय कळत नाही, म्हणून मला ती फार विश्वासाची वाटते.

तिसरी, तांबं. वाईन तपासणारे करतात ते इथेही चालतं. चकचकीत घासलेल्या तांब्याच्या तारेचा तुकडा ५ मिली नमुन्यात टाका, हलवा, पाच मिनिटांनी न टाकलेल्या नमुन्याशी वास ताडून बघा. अंडं-काडी कमी झाली तर गंधक होतं. सगळ्या प्रकारचं गंधक तांब्याला दाद देत नाही, त्यामुळे फरक नाही पडला तर ‘गंधक नाहीच’ असं म्हणू नका. तो नमुना ओतून द्या, पिऊ नका.

गंधकाखेरीज बघायचे दोष: घामट मोजा किंवा आंबलेलं चीज (कट उशिरा), कच्चं पीठ आणि कच्ची नासपती (पिंपात पुरेशी मुरली नाही, धुराने ते झाकायचा प्रयत्न), ओला पुठ्ठा आणि बुरशी (बूच खराब), आणि शेवटी घशात राहणारा राखेचा कडूपणा. हा शेवटचा थोडा असेल तर पीटचा स्वभाव, पण गोडवा संपून फक्त राखच उरत असेल तर तोलाचे गुण कापा.

रंगाला गुण देऊ नका. स्कॉचमध्ये कॅरॅमल रंग घालायला कायद्याने परवानगी आहे. ग्लासाभोवती कागद गुंडाळला तर उत्तमच.

रंकाळ्याचा_वारा

भारी माहिती, आभार सगळ्यांचे. कोल ईला आधी घेतो. आता पाण्याचं सांगा. आमच्यातले दोघं म्हणतात पाणी घातलं की माल्ट मारली. नळाचं पाणी घ्यायचं की बाटलीबंद? आणि थेंब म्हणजे नेमके किती?

मोजमाप

पाण्याने माल्ट मरत नाही, अंदाजाने ओतलं तर मरते.

ग्वायकॉलवरच एक अभ्यास आहे. स्वीडनच्या लिनेयस विद्यापीठातल्या कार्लसन आणि फ्रीडमन यांनी २०१७ मध्ये संगणकावर पाणी, इथेनॉल आणि ग्वायकॉल यांचं मिश्रण मांडून पाहिलं. अल्कोहोल ४५ टक्क्यांच्या आत असताना ग्वायकॉल द्रवाच्या पृष्ठभागाजवळ जमतं, ५९ टक्क्यांच्या वर इथेनॉल त्याला वेढून आत ओढून ठेवतं. पृष्ठभागावर आलं की नाकाला मिळतं. खऱ्या व्हिस्कीत शेकडो द्रव्यं असतात, तेव्हा हे शेवटचं उत्तर नाही, पण कास्क स्ट्रेंग्थ (पिंपातून निघाली त्याच जोराने भरलेल्या) बाटलीत पाणी घातल्यावर धूर वाढल्यासारखा का वाटतो ते त्यातून कळतं.

तुमच्या चारही बाटल्या ४३ ते ४६ मधल्या, त्यामुळे फार नको. आधी सगळ्या निव्वळ चाखून गुण लिहा. मग सगळ्या एका पातळीवर आणा, म्हणजे ४६ वाली केवळ जोरामुळे जिंकणार नाही. हिशोब सोपा: आहे ती टक्केवारी भागिले हवी ती टक्केवारी, त्यातून १ वजा, गुणिले ग्लासातले मिलीलीटर. १५ मिली आर्डबेग ४६ वरून ४० वर आणायला २.२५ मिली पाणी. टॅलिस्करला २.२. कोल ईला आणि लागावुलिनला १.१ मिली. चाखून ग्लासात ९ मिली उरली असेल तर १५ च्या जागी ९ धरा. औषधाच्या दुकानातली २ आणि ५ मिलीची सिरिंज घ्या, सुई नको. साध्या ड्रॉपरचे साधारण २० थेंब म्हणजे १ मिली. बाटलीवरची टक्केवारी वाचूनच गणित करा, कारण आपल्याकडे येणाऱ्या काही स्कॉच ४२.८ वर भरलेल्या असतात.

दोष शोधायचा असेल तर ५ मिली वेगळं काढून २० टक्क्यांपर्यंत खाली आणा, ४६ वालीला ६.५ मिली पाणी लागेल. ब्लेंडर लोक नाकाने काम करताना साधारण याच पातळीवर करतात. अल्कोहोलचा चटका जातो, गंधक, बुरशी, घामट वास उघडे पडतात. हे फक्त हुंगायला, चवीचे गुण यावर देऊ नका.

नळाचं पाणी थेट नको. त्यातलं क्लोरीन स्वतःच दवाखान्यासारखं वास मारतं, आणि फिनॉलशी क्लोरीनची गाठ पडली की क्लोरोफिनॉल तयार होतात, जे अगदी नगण्य प्रमाणातही जंतुनाशकासारखे लागतात. पीटेड माल्टमध्ये तोच वास तपासायचा असताना पाण्याने तो आणला तर निकालाला अर्थ उरत नाही. घरचं आरओ चालेल, किंवा उकळून उघड्यावर गार केलेलं. विहिरीचं, बोअरचं जड पाणी टाळा. पाणी खोलीच्याच तापमानाचं घ्या, फ्रिजमधलं नको.

पाणी घातल्यावर ४६ टक्क्यांची आर्डबेग थोडी धूसर होऊ शकते. घाबरू नका. ती चिल फिल्टर केलेली (थंड करून गाळलेली) नसते. तेलकट एस्टर पाणी वाढलं की विरघळून राहत नाहीत, त्याचा तो धूसरपणा. दोष नाही.

आठवी_गल्ली

एक राहिलं. ओतणारा माणूस चाखणाऱ्यांत नको. त्याने ग्लासांखाली अ, ब, क, ड लिहायचं आणि यादी खिशात ठेवायची. पाचांपैकी एक जण फक्त ओतणार नसेल तर घरातल्या कुणालातरी ओतायला लावा. लागावुलिनचं लेबल दिसलं की तिला पाच-सात गुण आपोआप जास्त मिळतात. शंका असेल तिथे तीन ग्लास द्या, दोनात एकच आणि तिसऱ्यात दुसरी, आणि वेगळी कुठली ते ओळखायला सांगा. कोल ईला-लागावुलिन यांच्यावर हे करून बघा, आणि ज्याला फरक ओळखता येत नाही त्याने त्या दोघींना वेगळे गुण द्यायचे नाहीत.

पन्हाळ्याची_वाट

पाचवी बाटली घ्यायची झाली तर पॉल जॉन बोल्ड किंवा अमृत पीटेड, दोन्ही ४६ टक्के. बोल्ड गोव्यात बनते पण पीट आयलाची. अमृत बंगळूरची, बार्ली स्कॉटलंडमध्ये धुरावलेली. आपल्याकडच्या उष्णतेत पिंप भराभर काम करतं, म्हणून कमी वर्षांतही ओकचा गोडवा आणि मसाला जास्त चढतो. आर्डबेगशेजारी ठेवली की धुराखालची माल्ट किती वेगळी वागते ते दिसतं.

फक्त गोव्याहून आणू नका. गोव्यात विक्रीसाठी असलेली बाटली परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे, मग आंबोलीतून या की गगनबावड्यातून. इथल्या दुकानातूनच घ्या, परमिट काढा, आणि व्हिस्कीसाठी आपल्या राज्यात वय २५ लागतं हेही लक्षात असू द्या. गाडी त्या रात्री कुणीच काढू नका.

तांब्याची_भट्टी

पाच जणांना १५-१५ म्हणजे प्रत्येक बाटलीतून ७५ मिली जाणार, उरलेल्या नीट ठेवा. उभ्या ठेवायच्या, आडव्या नाही. वाईनसारखं बूच भिजत ठेवलं तर एवढं अल्कोहोल ते कुरतडतं. ऊन आणि गॅसच्या शेगडीजवळचं कपाट नको. बाटली अर्ध्याखाली आली की आतली हवा वाढते आणि धूर हळूहळू बोथट होतो, तेव्हा कोरड्या, वास नसलेल्या लहान काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून घट्ट झाकण लावा. पीटेड माल्ट भरलेली बाटली आणि तिचं झाकण पुन्हा दुसऱ्या कशाला वापरू नका, प्लॅस्टिकच्या झाकणातून तो वास धुऊन जात नाही.